उलट्या वाक्यांचा रविवार

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही हो. पावसाळ्यात शाळेच्या दारामागं छत्र्या साचतात ना, तसे ते साचतात. कोण विसरून गेलं ते आठवत नाही, अन् फेकून द्यायलाही मन होत नाही. एकतीस वर्षं मी अहेरीत इंग्रजी शिकवलं. त्या एकतीस वर्षांचं विचाराल, तर डोक्यात फारसं काही शिल्लक नाही. पण रिटायर झाल्यावर जो रविवारचा वर्ग सुरू केला, त्याचंच इतकं साचलंय की बायको म्हणते, "बोरकुटे सर, जेवताना तरी वर्ग सोडत जा!"

वर्ग म्हणजे सतरा नंबरवाल्यांचा. ज्यांची शाळा मधेच सुटली, ते सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसतात. बाकीचे विषय कसेबसे निघतात, इंग्रजीत गाडी फसते. सुरुवातीला अकरा जण होते, दिवाळीपर्यंत तीन उरले. त्या तिघांवर मी जितका ओरडलो, तितका आयुष्यात कोणावर ओरडलो नसेन. माझा आवाज मोठा आहे आणि धीर कमी आहे, हे अख्ख्या अहेरीला माहीत आहे.

एक प्रकाश रामटेके. मूळचा पोंभुर्ण्याकडचा, बहिणीकडे राहून वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजीनं काम करायचा. त्याला वनरक्षकाच्या भरतीत उतरायचं होतं. दुसरी शबाना. नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान, ही घरी ब्लाउज शिवायची. तिच्या पोरीनं एक दिवस विचारलं, "अम्मी, तू कितवी शिकली?" त्या प्रश्नावर ती थेट माझ्या वर्गात येऊन बसली.

आणि तिसरी ताराबाई आत्राम. भामरागड रस्त्यावरच्या एका गावात चौदा वर्षांपासून अंगणवाडीची मदतनीस. मदतनीस म्हणजे खिचडी शिजवणारी, झाडझूड करणारी, घरोघरी जाऊन लेकरं गोळा करून आणणारी. शिकवणं अन् रजिस्टर लिहिणं हे काम सेविकेचं. तिथल्या सेविका कमलाबाई सप्टेंबरात निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी पास असेल तर ती जागा तिला मिळणार होती, नाहीतर बाहेरून कोणी येणार होतं. गावातली लेकरं घरी माडिया बोलतात. बाहेरून आलेल्या बाईला त्यातलं अक्षर कळलं नसतं. ताराबाई पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "सर, मले बाकी काई नाई पायजे. तेवढं इंग्रजी पास करून द्या."

करून द्या! जशी काही कुकरची शिट्टी दुरुस्त करून द्यायची होती.

*

इंग्रजीत साधारणपणे करणारा आधी येतो, त्यानं काय केलं ते मागून येतं. पण कधीकधी त्या भाषेला लहर येते आणि ती वाक्य उलटं टाकते. बारावीच्या पेपरात नेमकी अशीच वाक्यं असतात. मी फळ्यावर लिहिलं, "अंडर द ट्री सॅट ॲन ओल्ड वुमन." झाडाखाली बसली होती एक म्हातारी.

"ताराबाई, कोण बसलं?"

"ट्री!"

"झाड बसते का?"

"नाई. पण पहिले तेच आलं न सर."

दुसरं दिलं. झोपडीत राहत होता एक गरीब माणूस. कोण राहत होतं? "झोपडी." तिसरं दिलं. भिंतीवर टांगलं होतं घड्याळ. काय टांगलं होतं? "भिंत!" माझ्या हातातला खडू सुटला आणि खिडकीच्या बाहेर गेला.

"अहो ताराबाई, तुम्ही दरवेळी पहिल्यालेच काऊन धरून राह्यल्या?"

ती शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या इथी मीटिंग असली का पुढच्या खुर्चीवर बसते तोच साहेब असते. तोच सारं करते. मी मांगून पाहतो, मले काय समजन?"

शबाना हसली, प्रकाश हसला, मीही हसलो. घरी जाताना पुलापाशी माझं हसू उतरलं. चौदा वर्षं ही बाई मागून पाहत होती, अन् मी तिच्यावर खडू फेकत होतो.

पुढच्या रविवारी मी दोन नियम घातले. पहिला नियम, आधी काम पाहायचं. काय झालं? बसणं झालं. मग विचारायचं, हे कोणी केलं? पुढे कोण उभा आहे ते पाहायचंच नाही. दुसरा नियम परीक्षेसाठी. पेपर हातात आला की मान वर करायची नाही. कोणी बोलो, कोणी हलो, पहिल्या वाक्यातलं काम अन् करणारा सापडल्याशिवाय डोळे कागदावरून उचलायचे नाहीत. या दुसऱ्या नियमाची तर मला फार घमेंड होती. तिघांकडून दर रविवारी घोकून घ्यायचो.

*

नियम झाले, पण बोटं कुठं ठेवायची? पुस्तकात पेन्सिलनं खुणा करायच्या तर पुस्तकं मागून आणलेली, परत द्यायची होती. तोड ताराबाईनंच काढली. अंगणवाडीत लेकरांना ती चिंचोक्यांवर मोजणं शिकवायची. पदरात बांधून मूठभर घेऊन आली. अख्खा चिंचोका म्हणजे काम, फोडलेला चिंचोका म्हणजे करणारा. वाक्य वाचायचं, शब्दावर चिंचोका ठेवायचा, मग मी फिरून पाहायचो. एकतीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

एका रविवारी चिंचोके कमी पडले म्हणून शबानानं घरचे आणले. तिनं आणले भाजलेले! मी फिरत फिरत प्रकाशपाशी आलो. वाक्यावर फोडलेला चिंचोका बरोबर जागी होता.

"करणारा सापडला. काम कुठं हाय बे?"

प्रकाशचा जबडा हलायचा थांबला.

"खाल्लं सर."

त्या दिवशी वर्ग पुढे झाला नाही. ताराबाई तोंडावर पदर धरून हसत होती. तिला इतकं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

*

उलटी वाक्यं सगळ्यांत आधी प्रकाशला जमली. इतकी पटापट, की मला संशय आला. विचारलं, "गाइड पाहून तं नाई आला?"

"नाई सर. रानात असंच वाचा लागते. पहिले जागा दिसते. मंग काय झालं ते दिसते, गवत दबलं, माती उकरली. ज्यानं केलं तो आखरीले दिसते. कधी कधी दिसतच नाई."

मी वर्गासमोर त्याची पाठ थोपटली. दोन-तीन रविवार गेले अन् गाइडमध्ये वाक्य आलं, "बिहाइंड द बुश क्राउच्ड अ टायगर." झुडपामागं दबा धरून बसला होता वाघ. ताराबाईनं बरोबर केलं, शबानानं केलं. प्रकाशच्या पुस्तकावर एकही चिंचोका नाही. हात मांडीवर ठेवून नुसता बसलेला.

माझं टाळकं सरकलं. "रानात काम करतो अन् पुस्तकातल्या वाघाले भेतो काय बे?"

तो उठला, पाणी पिऊन येतो म्हणाला, आणि आलाच नाही. शबानानं मान खाली घालून सांगितलं, "सर, त्याची मोठी आई, काकू त्याची, मोहफुलं वेचाले गेली होती. मागच्या साली. वाघ झुडपामागंच होता. सगळ्यात पहिले प्रकाशच पोहोचला होता तिथी."

 एवढा मोठा आवाज दिला देवानं, आणि काय बोलायचं ते दिलं नाही, असं वाटलं. संध्याकाळी त्याच्या बहिणीच्या घरी गेलो. तो अंगणात लाकडं फोडत होता. मी म्हणालो, "प्रकाश, माझं चुकलं."

त्यानं कुऱ्हाड बाजूला ठेवली. म्हणाला, "तुमचं नाई चुकलं सर. उत्तर मले येत होतं."

चहा घेतल्याशिवाय त्यानं मला सोडलं नाही. पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. त्या पानाकडे आम्ही कोणी पुन्हा वळलो नाही.

*

आता रझियाचाची. शबानाची सासू. सून दर रविवारी कुठं जाते, काय शिकते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला एक दिवस वर्गात आली. शबानाचा चेहरा पांढराफटक. चाची मागच्या बाकावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "पढाव सर. मैं हूँ ही नहीं समझो."

फळ्यावर वाक्य होतं, "नेव्हर हॅव आय सीन सच अ लेझी बॉय." असा आळशी पोरगा मी कधी म्हणून पाहिला नाही. तिघंही अडले होते. "कधीच नाही" हे एवढं पुढं कशाला आलं? मी पुस्तकातलं सांगितलं, जोर देण्यासाठी. तिघांनी माना हलवल्या. कळलं कोणालाच नव्हतं, आणि ते मलाही दिसत होतं.

मागून आवाज आला, "सर, इसका मतलब क्या हुआ?"

मी सांगितला.

"अरे, ये तो झगडे की बात है!" चाची बाकावरून खाली उतरली. "झगडे में कोई 'मैं' से शुरू करता क्या? 'कभ्भी नहीं देखा मैंने ऐसा आदमी!' ऐसाच बोलते न? पहले पत्थर फेकना, बाद में बताना किसने फेका!"

तिघांच्याही डोक्यात एकदम उजेड पडला. ताराबाई म्हणाली, "हो न! आमची नणंद असीच बोलते." मी एकतीस वर्षं जे घसा फोडून सांगितलं, ते या बाईनं एका वाक्यात सांगून टाकलं. मी हात जोडले. विचारलं, "चाची, कुठं शिकल्या?"

"चालीस साल का संसार है, सर!"

जाताना तिनं शबानाकडे पाहिलं. शबाना उभी, आता काय ऐकावं लागतं म्हणून. चाची म्हणाली, "इतवार की रोटी मैं डालती. तू ये पूरा करके आ." त्यानंतर रविवारच्या पोळ्या चाचीनंच टाकल्या. रात्री शबाना तिला धडे वाचून दाखवायची, आणि चाची प्रत्येक धड्यातल्या माणसांची चूक कोणाची ते ठरवून द्यायची.

*

मार्चची परीक्षा झाली. मेच्या सुरुवातीला निकाल लागला. शबाना पास, प्रकाश पास. ताराबाई चार मार्कांनी गेली.

त्या रविवारी ती आली. मी दारातच सुरू झालो. मला राग माझा आला होता, पण स्वतःवर ओरडता येत नाही म्हणून तिच्यावर ओरडलो. "कुठं अडलं ताराबाई? सांगा ना, कुठं अडलं?"

"अडलं नाई सर. एकेक वाक्य नीट पाहत बसली. आधी काम, मंग मानूस. घंटा झाली."

"म्हणजे?"

"सारे करनारे सापडले सर. अर्ध्या पेपरातले."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, माझ्याच आलं. मी काम आणि माणूस शोधायला शिकवलं, पण घड्याळ शिकवलं नाही. आता जुलैची पुरवणी परीक्षा, तेवढीच एक. तिच्यात गेली तर सप्टेंबर हातचा जाणार, अन् जागा दुसऱ्याची होणार. ताराबाई ती गोष्ट बोलून दाखवायची नाही. फक्त जाताना दाराशी थांबून म्हणायची, "होईन न सर?"

पुढच्या रविवारी मी वर्ग उघडला, तर शबाना आणि प्रकाश दोघंही आत! "तुमचं काय काम आहे इथी? तुम्ही तं पास झाले."

शबाना म्हणाली, "मी घड्याळ पाहतो सर." प्रकाश म्हणाला, "मी पेपर वाटतो." मे अन् जून, एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी पेटलेली असायची. शबाना मोबाइल लावून ओरडायची, "ताराबाई, पुढं चला! हा सोडा, पुढं चला!" जूनच्या शेवटी ताराबाईनं पहिल्यांदा अख्खा पेपर वेळेत लिहिला. वर चार मिनिटं उरली. त्या चार मिनिटांत काय करायचं ते तिला कळेना, तर तिनं वर्ग झाडून काढला.

*

परीक्षेच्या आठवड्यात पाऊस धरला. भामरागडचा रस्ता बंद झाल्याची बातमी आली. ताराबाईचा फोन लागेना. तिच्या गावाला पावसाळ्यात रेंज नसतेच. प्रकाश दोनदा आलापल्लीच्या नाक्यावर जाऊन गाड्या पाहून आला. मी घरात येरझारा घालत होतो. बायकोनं रेडिओ बंद करून टाकला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी शबानाचा फोन. "सर, आल्या!"

शबानाच्या घरी धावत गेलो. दारात ताराबाई उभी, गुडघ्यापर्यंत चिखल. दोन दिवसांपासून निघाली होती. नाला डोंग्यातून, म्हणजे लाकडी होडीतून, ओलांडला, पुढे पायी, मग कोणाच्या ट्रॅक्टरवर. हॉल तिकीट स्टीलच्या डब्यात, डबा प्लास्टिकमध्ये, प्लास्टिक पदरात. तिनं डबा उघडून मला दाखवला. कोरडं ठणठणीत होतं.

मी म्हणालो, "चला, थोडं वाचून घेऊ." रझियाचाची माझ्या आणि तिच्या मधे येऊन उभी राहिली. "पहले पाँव धोएगी. फिर खाना खाएगी. फिर सोएगी. इंग्लिश कल है, सर, आज नहीं!" मी निमूट घरी आलो.

सकाळी ताराबाई परीक्षेच्या शाळेत शिरताना मी तिचं तोंड नीट पाहिलं. मार्चमध्ये हिचे ओठ कोरडे पडले होते. या वेळी तसं काही नव्हतं. मला म्हणाली, "तुम्ही घरी जा सर. मी लिहून येतो." मी गेलो नाही. शबाना, प्रकाश आणि मी समोरच्या टपरीत बसून राहिलो.

दोन वाजता घंटा झाली, पोरं बाहेर आली. ताराबाई आली नाही. अडीच वाजता शिपाई आला. "बोरकुटे सर कोन? आत बोलावलं."

केंद्रसंचालकांच्या खोलीत ताराबाई भिंतीला टेकून उभी होती. टेबलावर हजेरीचा कागद. ताराबाईचा फोटो, ताराबाईचा नंबर, आणि सहीच्या रकान्यात वळणदार, गोल अक्षरात लिहिलेलं होतं, कमला गावडे.

"कोण ही कमला गावडे?" केंद्रसंचालकांनी मला विचारलं. "बाई काही सांगत नाही. डमीची केस दिसते ही, सर. आज भरारी पथक येऊन गेलंय. मी काय उत्तर देऊ?"

मी सांगितलं, ही ताराबाई आत्रामच आहे, वर्षभर माझ्या वर्गात बसली आहे. ते म्हणाले, "मग दुसरीचं नाव का लिहिलं?" मी ताराबाईकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. म्हणाली, "कागद आला तवा मी पेपर वाचून राह्यली होती साहेब. मान वर केली नाई. हात चालला."

"हात दुसरीच्या नावावर कसा चालला?"

 मी तिला व्हरांड्यात नेलं. "ताराबाई, बोला. नाहीतर सारं गेलं."

"कसं बोलू सर? कमलाबाईचे दोनच महिने राह्यले."

मग हळूहळू सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी कमलाबाईंच्या नवऱ्याला लकवा मारला. त्याच्यासाठी कमलाबाई आलापल्लीला मुलाकडे येऊन राहिल्या. साहेब तपासणीला येणार असले तरच गावात यायच्या. अंगणवाडी बंद पडू नये म्हणून ताराबाईनं शिकवलं, वजनं केली, रजिस्टरं लिहिली. आणि रोज खाली कमलाबाईंची सही केली. नऊ वर्षं. "मार्चमध्ये भेली होती सर, म्हनून पाहून पाहून आपलं नाव लिहिलं. या खेपी भेली नाई."

 मान वर करायची नाही, हा नियम कोणाचा होता? माझा. मी तो तिच्याकडून वर्षभर घोकून घेतला होता. मी आत जाऊन केंद्रसंचालकांना सगळं सांगायला वळलो, तर ताराबाईनं माझी बाही धरली. "नाई सर. मी नापास झाली तं परत खिचडी शिजवीन. तिले या वयात कोनी काई म्हनलं तं ती कुठी जाईन?"

केंद्रसंचालक मागून आले होते. किती ऐकलं कोण जाणे. त्यांनी पेपर उघडून पाहिला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भरलेला, एकही जागा कोरी नाही. पेपर वेगळ्या पाकिटात ठेवला आणि म्हणाले, "पाच वाजता गठ्ठा जातो. त्याआधी ही कमला गावडे माझ्यासमोर येऊन खरं काय ते लेखी देत असेल, तर हा पेपर गठ्ठ्यात जाईल. नाहीतर डमी म्हणून जाईल. मी एवढंच करू शकतो."

"नका आनू तिले," ताराबाई म्हणाली.

व्हरांड्याच्या पायरीशी प्रकाशनं सारं ऐकलं होतं; फाटकाबाहेर त्यानं आलापल्लीला जायला मोटारसायकलला किकही मारलेली होती. मी त्याला थांबवलं नाही.

पाचला वीस मिनिटं कमी असताना कमलाबाई आल्या. साठी उलटलेल्या, प्रकाशचा रेनकोट घातलेल्या, साडी ओली, एक हात गुडघ्यावर. रस्त्यात प्रकाशनं सगळं सांगितलंच होतं. ताराबाई पुढे झाली, "बाई, तुम्ही काऊन आल्या? जा ना तुम्ही!" कमलाबाईंनी तिला हातानंच बाजूला केलं.

केंद्रसंचालकांनी हजेरीचा कागद पुढे सरकवला. "ही सही तुमची?"

कमलाबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. "नाव माहं हाय. सही हिची हाय. माह्यापेक्षा साजरी काढते."

"लिहून द्याल?"

"द्या कागद."

त्या बसल्या आणि लिहू लागल्या. हाताला सवय राहिलेली नव्हती. एकेक अक्षर थांबून थांबून निघत होतं. घड्याळ पावणेपाचच्या पुढे सरकलं. शबाना दाराशी ओढणी चावत उभी होती. ताराबाई भिंतीकडे तोंड करून रडत होती, पहिल्यांदाच. पान भरलं. कमलाबाईंनी खाली सही केली आणि कागद दिला.

केंद्रसंचालकांनी वाचला. चष्मा काढला. "बाई, हे पुढं गेलं तर सगळं तुमच्यावर येईल. दोन महिने राहिलेत तुमचे. समजतं ना?"

कमलाबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"नऊ वर्सं माह्या नावावर सारं हिनंच केलं साहेब. एवढं एक तं मले करू द्या."